लोणेऱ्यात शिकणं आणि लोणेऱ्याची डिग्री घेणं

इंजिनिअरिंगच्या प्रवेशपरीक्षेचा, म्हणजे सीईटीचा, निकाल लागला की आठवडाभर आमच्या ओट्यावर कुणी ना कुणी बसलेलं असतं. मी लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठात शिकलो, एवढ्याच भांडवलावर गल्लीने मला सल्लागार करून टाकलंय. मागच्या आठवड्यात शेजारचे नाना आले. हातात अलॉटमेंटचा कागद, चेहऱ्यावर अर्धा आनंद आणि अर्धी शंका.

"भाऊ, आमना पोर्‍याना नंबर लोणेरे युनिव्हर्सिटीमा लागना. पण कॉलेज ते धुळामाच शे. हाई कसं काय?"

नानांचा प्रश्न अगदी रास्त. खान्देशात सध्या 'लोणेरे' या एकाच शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी चालतात आणि त्या वेगळ्या करून सांगायची कुणाला फारशी घाई नसते.

पहिली गोष्ट म्हणजे गाव आणि त्यातलं विद्यापीठ. लोणेरे रायगड जिल्ह्यात, माणगाव तालुक्यात, मुंबई-गोवा महामार्गावर. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ 1989 मध्ये राज्य सरकारने कायदा करून तिथे काढलं. जागाही विचार करून निवडलेली दिसते. ज्या महाडला 1927 मध्ये चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला, ते तिथून फार लांब नाही. त्या वेळी हे एकटंच, निवासी विद्यापीठ होतं. एकच परिसर, हाताखाली कॉलेजं नाहीत. मुलांनी तिथेच राहायचं, तिथेच शिकायचं. सकाळी शिकवणारे सरच पेपर काढणार, तेच तपासणार, आणि संध्याकाळी त्यांच्या क्वार्टरवरून आपण मेसला जाणार. लपायला जागा नव्हती.

निवासी म्हणजे काय, हे माहितीपत्रक वाचून कळत नाही. मे महिन्यात भुसावळच्या भट्टीतून निघालेला पोरगा जुलैत कोकणात पोचतो आणि पुढचे तीन महिने त्याची बनियन वाळत नाही. खोलीत पंख्याखाली आडवी दोरी, तिच्यावर चौघांचे कपडे, खाली चौघांची ड्रॉइंग शीट्स. माझ्या ट्रंकेत काळ्या मसाल्याची बरणी असायची. मेसच्या फिक्या वरणात चमचाभर टाकला की विदर्भाचा रूमपार्टनरही ताट पुढे करायचा. रात्री दोनला गणित अडलं तर तीन दारं सोडून सीनियर जागा असायचा आणि बहुतेकदा त्याने ते गणित मागच्या वर्षी चुकवलेलं असायचं. लोणेऱ्याचं जे नाव झालं ते या कोंडून घातलेल्या चार वर्षांवर झालं, असं माझं मत आहे. गावात करण्यासारखं दुसरं काही नव्हतं, हेही त्यात आलं. पेट्रोकेमिकल इंजिनिअरिंगसारखी सहसा न सापडणारी शाखा तिथे आहे आणि त्याच जिल्ह्यात नागोठण्याला पेट्रोकेमिकलचा मोठा कारखाना आहे. असं आजूबाजूच्या उद्योगाशी बांधलेलं शिक्षण ज्या गावी आहे तिथेच मिळतं.

दुसरी गोष्ट 2014 नंतरची. त्या वर्षी विद्यापीठासाठी नवा कायदा आला आणि राज्यभरातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांना संलग्न करून घेण्याचा अधिकार लोणेऱ्याला मिळाला. निवासी विद्यापीठाचं रूपांतर संलग्नता देणाऱ्या विद्यापीठात झालं. खान्देशातलंच बघा: जळगावचं 1996 चं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, शिरपूरचं आर. सी. पटेल, धुळ्याचं एसव्हीकेएम, सगळी लोणेऱ्याच्या छत्राखाली.

विद्यापीठाचं नाव बदलणं आपल्याकडे नवीन नाही म्हणा. बांभोरीचं इंजिनिअरिंग कॉलेज 1983 चं. त्या वेळी जळगाव जिल्हा पुणे विद्यापीठात होता. 1990 मध्ये उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ (उमवि) निघालं, 2018 मध्ये त्याला बहिणाबाईंचं नाव मिळालं. कॉलेजची इमारत तीच असते, मार्कशीटवरचा मथळा बदलतो.

मग मी नानांच्या पोराची सिलॅबसची पीडीएफ उघडली आणि दाखवलं की लोणेऱ्याहून धुळ्यापर्यंत नेमकं काय काय येतं. अभ्यासक्रम येतो. सत्राची शेवटची परीक्षा येते. थिअरीच्या साधारण पेपरला 100 पैकी 60 गुण तिचे. उरलेले 40, म्हणजे 20 मध्यसत्र परीक्षेचे आणि 20 सततच्या मूल्यमापनाचे, कॉलेजच्या हातात. आणि पदवीवर विद्यापीठाचं नाव येतं. बस. वसतिगृह येत नाही, तिथले प्राध्यापक येत नाहीत, प्रयोगशाळा येत नाही, तीन दारं सोडून जागणारा सीनियर तर नाहीच नाही.

मूल्यांकनही, म्हणजे नॅक आणि एनबीए या संस्थांनी तपासून दिलेला दर्जाचा शिक्काही येत नाही, आणि खरी फसगत इथे होते. नॅकची श्रेणी ज्या संस्थेने घेतली तिचीच असते. विद्यापीठाची श्रेणी कॉलेजला लागू होत नाही आणि कॉलेजची विद्यापीठाला नाही. एनबीए तर शाखेला मिळतं. एकाच कॉलेजात मेकॅनिकलला असेल आणि पलीकडच्या इमारतीतल्या नव्या शाखेला नसेल. एका कॉलेजच्या फलकावर मी 'लोणेरे विद्यापीठ' हे शब्द कॉलेजच्या नावाच्या तिप्पट मोठे पाहिलेत, आणि खाली प्लेसमेंटचे फोटो. नोकरी लागलेली ती पोरं लोणेऱ्याच्या परिसरातली की त्या कॉलेजातली, ते लिहिलेलं नव्हतं. विचारल्यावर काउंटरवरच्या बाईंनी चहा मागवला.

आता हे ऐकून कुणी म्हणेल, मग संलग्न कॉलेज म्हणजे दुय्यमच. तसं अजिबात नाही. एखाद्या कॉलेजला स्वायत्तता असली, शिरपूरच्या आर. सी. पटेलला आहे तशी, तर अभ्यासक्रम आणि परीक्षा ते स्वतः ठरवतं. विद्यापीठ फक्त पदवी देतं. तिथे तर लोणेऱ्याचा संबंध आणखी पातळ होतो आणि सगळा भार कॉलेजच्या स्वतःच्या कुवतीवर येतो. चांगलं असेल तर स्वतःच्या बळावर चांगलं. जळगावच्या शासकीय कॉलेजात सरकारी फीमध्ये, घरचा डबा खाऊन शिकलेली हुशार पोरं मी पाहिली आहेत. निवासी असण्याची किंमतही असते: खोलीभाडं, मेस, आणि दिवाळीला पनवेलपर्यंत रखडणारी एसटी. त्या महामार्गाच्या कामाबद्दल मी बोलायला लागलो तर हा लेख संपायचा नाही.

शिरपूरचा घोळ याहून गमतीचा. तिथे तापीकाठी एनएमआयएमएसचा निवासी परिसर आहे. तो अभिमत विद्यापीठाचा भाग, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) कायद्याच्या कलम 3 खाली दर्जा मिळालेल्या संस्थेचा. त्याचा प्रवेश राज्याच्या कॅप राउंडमधून, म्हणजे सामायिक प्रवेशफेरीतून, होत नाही आणि पदवी त्यांची स्वतःची. एनएमआयएमएस ज्या एसव्हीकेएम ट्रस्टचं, त्याचंच धुळ्याचं कॉलेज, पण ते कॅपमध्ये येतं आणि पदवी लोणेऱ्याची. मालक एक, फी वेगळी, प्रवेशाचं दार वेगळं, कागदावरचं विद्यापीठ वेगळं. "एसव्हीकेएमला लागला" एवढं ऐकून पेढे वाटले तर नेमके कशाचे वाटले ते कळायला पुन्हा विचारावं लागतं.

नानांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग कागदावर बोट ठेवून विचारलं, "म्हणजे पोर्‍या घरूनच जाई?"

"घरूनच. पण सीट फ्रीझ, म्हणजे मिळालेली जागा पक्की, करायच्या आधी एकदा कॉलेजात जाऊन या. त्याच्या शाखेला एनबीए आहे का, लॅबमधली मशिनं चालू आहेत का की नुसती झाकून ठेवलीत, मागच्या वर्षीची किती पोरं लागली आणि कुठे, हे विचारा. लोणेऱ्याचं काही विचारू नका."

दोन दिवसांनी ते जाऊन आले. वर्कशॉपमधल्या लेथवर हात फिरवून पाहिला म्हणे, ताजं ऑइल लागलं बोटांना. सीट फ्रीझ केली. परवा चौकात अभिनंदनाचं बॅनर लागलं. पोराचा फोटो, आजूबाजूला चाळीस काका, आणि वर लाल अक्षरात 'लोणेरे युनिव्हर्सिटीत निवड'.