ज्वालामुखीखाली लाव्हाचं तळं नसतं

ज्वालामुखीच्या पोटात उकळत्या लाव्हाचं तळं असतं आणि भूऔष्णिक वीज त्यातूनच काढतात, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ते खरं नाही. वीज मिळते ती भेगाळलेल्या खडकांत साठलेल्या गरम पाण्यापासून आणि वाफेपासून. मॅग्मा, म्हणजे जमिनीखालचा वितळलेला खडक, खोलवर असतो, तोही बहुतेक वेळा स्फटिकांनी गच्च भरलेल्या लगद्यासारखा, आणि तो या पाण्याला उष्णता पुरवतो.

हे कळतं भूकंपलहरींवरून. त्यांतल्या पी-लहरी खडक दाबत-ताणत पुढे जातात, तर एस-लहरी त्याला आडवं हलवत. एस-लहरी द्रवातून जाऊच शकत नाहीत, अर्धवट वितळलेल्या खडकात त्या मंदावतात. भेगांमध्ये वाफ असेल तर पी-लहरींचा वेग जास्त घटतो, म्हणून पी आणि एस यांच्या वेगांचं गुणोत्तर उतरतं. पाणी असेल तर ते सहसा चढं राहतं. माणसाला जाणवतही नाहीत असे बारीक भूकंप मला सर्वांत मोलाचे वाटतात, कारण पाणी खेळतं ठेवणाऱ्या भेगा कुठे आहेत ते त्यांच्यावरून उमगतं.

तरी हा भूगर्भाचा फोटो नव्हे, अंदाजच. आइसलंडमधल्या क्राफ्ला इथे २००९ साली खोदकाम सुमारे २.१ किलोमीटरवर थेट मॅग्मात घुसलं. आधीच्या पाहणीत तो तिथे दिसलाच नव्हता.