बरगडी ६३ अंशांना शिजते, पण मऊ होत नाही

धुरावरच्या डुकराच्या बरगडीत थर्मामीटर खुपसला, ६३ अंश सेल्सिअस दिसले, तीन मिनिटं थांबून पट्टा उतरवला, तर ते मांस खायला सुरक्षित असतं. दाताखाली मात्र वातड लागतं. दोष मसाल्याचा नाही. जनावर श्वास घेईल तितक्या वेळा बरगडीचे स्नायू हलतात, त्यामुळे त्यांत कोलॅजेन, म्हणजे स्नायूंना बांधून ठेवणारं चिवट प्रथिन, भरपूर. ६०-६५ अंशांच्या आसपास हे कोलॅजेन आकसतं आणि स्नायूतलं पाणी पिळून काढतं. त्याचं जिलेटिन व्हायला खरा वेग येतो ८० च्या पुढे, तोही तासांच्या हिशेबानं. पायांचा रस्सा फ्रिजमध्ये रात्रभर ठेवला की सकाळी थुलथुलीत गोठतो ना, ते हेच जिलेटिन. बरगडीत ते बरंचसं मांसातच राहतं आणि गेलेल्या रसाची उणीव भरून काढतं. म्हणून रिब्जचा खरा मुक्काम ९० ते ९५ अंश.

खाटकाकडे अखंड पट्टा मागावा. सोरपोतेलसाठी (डुकराच्या मांसाचं गोव्यातलं कालवण) करतात तसे तुकडे धुरावर सुकून जातात. हाडांच्या बाजूचा पांढरा पापुद्रा चमच्याच्या दांड्यानं एका टोकाला उचलायचा, कागदी रुमालात पकडून ओढायचा. तो राहिला तर कितीही शिजवा, चामड्यासारखाच लागणार. मीठ किलोला १२ ते १५ ग्रॅम. रेशाद, म्हणजे व्हिनेगरमध्ये वाटलेला गोव्यातला लाल मिरचीचा मसाला, लावायचा तर पातळ थर, आणि तीन-चार तासच: त्यातल्या व्हिनेगरनं रात्रभरात वरचं मांस पिठूळ होतं. माडाचा गूळ घातलेलं सॉस शेवटच्या पंधरा मिनिटांत लावा, आधी लावलं तर करपून कडू होतं.

निखारे एका बाजूला, मांस दुसऱ्या बाजूला, आणि जाळीच्या पातळीवर ११० ते १२० अंश. झाकणावरच्या काट्यावर भिस्त ठेवू नये, तो वरची हवा मोजतो. नारळाच्या करवंटीचा कोळसा चांगला चालतो. धुरासाठी पेरूच्या वाळलेल्या लाकडाचे मुठीएवढे दोन-तीन तुकडे पुरतात. काजूच्या बियांची टरफलं गोव्यात सहज मिळतात म्हणून आगीत टाकू नका. त्यांतलं तेल दाहक असतं आणि त्याचा धूरही डोळ्यांना, कातडीला झोंबतो. पावसाळ्यात खरी अडचण लाकडाची. ओलं लाकूड धुमसतं, दाट पांढरा धूर सोडतं आणि मांसावर कडवट थर बसतो. आपल्याला हवा असतो तो पातळ निळसर धूर. लाकूड आधी पाण्यात भिजवण्याची पद्धत तर निरर्थकच: पाणी पृष्ठभागाच्या फारसं आत जात नाही, वाफ होऊन निघून जातं आणि आग तेवढी थंडावते.

दोन-अडीच तासांनी, ६५ ते ७५ अंशांच्या दरम्यान, काटा अडून बसतो. इथे बरेच जण घाबरून कोळसा वाढवतात आणि वरचं मांस करपवतात. होतं ते इतकंच की मांसावरचं पाणी उडताना उष्णता घेऊन जातं, अंगावरच्या घामासारखं. थांबायचं, नाहीतर वरचा थर गडद लाल-तपकिरी झाल्यावर पट्टा अ‍ॅल्युमिनियम फॉइलमध्ये दोन चमचे पाणी घालून घट्ट गुंडाळायचा. वाफ अडली की तापमान पुन्हा चढतं. मात्र तासाभरापेक्षा जास्त गुंडाळून ठेवलं तर ते धुरावरचं मांस न राहता उकडलेलं होतं.

पाठीकडच्या आखूड बरगड्यांना साधारण चार ते पाच तास, पोटाकडच्या रुंद बरगड्यांना पाच ते सहा. सुई दोन हाडांमधल्या मांसात घालावी. हाडाला टेकली तर आकडा फसवा येतो. बरगडीत मांस एवढं पातळ की थर्मामीटरपेक्षा हात बरा. चिमट्यानं पट्टा एका टोकापासून एक तृतीयांश अंतरावर धरून उचला. लवून वरच्या थराला बारीक भेग पडली की झालं. ताठ राहिला तर अजून अर्धा तास. चिमट्यातच तुटून पडला तर जास्त झालं. स्नायूंचे धागे सुटे होऊन मांस पिचपिचीत लागतं. हाडावरून गळून पडणारं मांस म्हणजे उत्तम, हा समज आम्हाला पटत नाही. दात लावल्यावर हाड स्वच्छ सुटावं, तोवर मांस त्याला धरून असावं.

कापल्यावर कडेला गुलाबी पट्टी दिसली तर कच्चं समजून परत ठेवू नका. धुरातले वायू मांसाला लाल रंग देणाऱ्या मायोग्लोबिन या प्रथिनाशी जोडले जातात आणि तो रंग शिजल्यावरही टिकतो.

उतरवल्यावर पंधरा मिनिटं सैल झाकून ठेवा. कापताना हाडांची बाजू वर करा, म्हणजे सुरी कुठून घालायची ते दिसतं.