एक्स-रे उत्तम, तरी गुडघा दुखतोच

गुडघा बदललेल्या माणसाचा एक्स-रे उजेडाकडे धरला की मांडीच्या हाडावरची धातूची टोपी आणि नळीच्या हाडावर बसवलेली धातूची बैठक पांढरीशुभ्र दिसते. मधे मात्र काळी पट्टी असते. ‘आत जागा मोकळी राहिली की काय?’ असं बरेच पेशंट घाबरून विचारतात. तसं नसतं. तिथे पॉलिथिलीनची, म्हणजे एका प्लास्टिकची, जाड चकती असते आणि एक्स-रे तिच्यातून आरपार जातात. बसवलेल्या सांध्याचा एक अख्खा भागच ज्या फोटोत दिसत नाही, त्यात दुखणं कुठून दिसणार? तरीही आठ महिने झाले, ठणका जात नाही अशी तक्रार घेऊन गेलेल्या आजींना तोच फोटो दाखवून ‘सगळं छान बसलंय’ असं सांगितलं जातं. घरी येईपर्यंत त्याचं ‘डॉक्टर म्हणतात काही नाही, हिचंच काहीतरी’ असं होतं.

अशा आजी एकट्यादुकट्या नाहीत. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या संशोधकांनी जगभरातले अभ्यास एकत्र करून तपासले आणि २०१२ मध्ये निष्कर्ष मांडले. त्यातल्या चांगल्या दर्जाच्या अभ्यासांनुसार खुब्याचा सांधा बदललेल्यांपैकी साधारण ९ टक्के, तर गुडघा बदललेल्यांपैकी सुमारे २० टक्के लोकांना दीर्घकाळ त्रासदायक दुखणं राहिलं होतं. म्हणजे पाचातला एक. उरलेल्या चौघांचं आयुष्य खरोखर सुधारतं, हेही तितकंच खरं, आणि म्हणूनच पाचव्याला कोणी विचारत नाही.

आपल्याकडे या ऑपरेशनची चर्चा घरोघर सुरू झाली ती २००० सालच्या ऑक्टोबरमध्ये, तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयींचा डावा गुडघा मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलला तेव्हा. पुढच्या वर्षी उजवाही बदलला. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली आणि ऑपरेशन आणखी आवाक्यात आलं. त्यासोबत ‘गुडघा बदलला की दुखणं संपलं’ हा समजही पसरला. भरती होताना किती दिवसांत चालता येईल, खर्च किती, विम्यात किती बसेल हे सगळं विचारलं जातं. दुखणं राहिलं तर काय, हे सहसा कोणी विचारत नाही आणि कोणी सांगतही नाही.

गंमत अशी की जिच्या झिजेमुळे हे ऑपरेशन होतं, त्या कूर्चेत, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणात, मज्जातंतूच नसतात. दुखतं ते तिच्याखालचं हाड, सांध्याचं अस्तर, वाटीखालची चरबीची गादी. ऑपरेशनमध्ये हाडांच्या टोकांचा जेमतेम ८ ते १० मिलिमीटर थर काढतात. स्नायू, शिरा, कातडी, मज्जातंतू पेशंटचेच राहतात. त्यातले काही तर ऑपरेशनमध्येच कापले जातात. गुडघ्याच्या पुढच्या कातडीला संवेदना देणारी एक बारीक नस उभ्या छेदाच्या वाटेतच येते. त्यामुळे व्रणाच्या बाहेरच्या बाजूला हातभर नाही, पण तळव्याएवढा भाग बधिर होणं अगदी नेहमीचं. बहुतेकांना त्याची सवय होते. काहींना मात्र तिथेच आग होते, वीज चमकल्यासारखी कळ येते, साडीची किंवा पायजम्याची नुसती घसट सहन होत नाही. हे नसेचं दुखणं असतं आणि साध्या पेनकिलरने ते फारसं हलत नाही. मधुमेहाने आधीच नसा खराब झालेल्या असतील तर गुंता आणखी वाढतो.

थोडा धीर धरायलाच हवा, हेही सांगायला हवं. सूज आणि गुडघ्याचा गरमपणा कित्येक महिने राहू शकतो, सुधारणा वर्षभर चालू असते. पण तीन महिन्यांनंतरही दुखणं ठाण मांडून असेल तर ‘वेळ लागतोच’ म्हणून परत पाठवणं बरोबर नाही. तीन महिन्यांहून जास्त टिकलेल्या अशा दुखण्याला जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत आता स्वतंत्र नोंद आहे.

तपासणीत पेशंटचं वर्णन फार कामाचं असतं. खुर्चीतून उठल्यावर पहिली चार पावलं टाकताना कळ येते आणि मग कमी होते, तेव्हा सांधा हाडावर सैल झाल्याचा संशय घेतात. जिना उतरताना गुडघा दगा देतो असं वाटलं तर आजूबाजूच्या, हाडांना जोडून ठेवणाऱ्या बंधांचा ताण बिघडलेला असू शकतो. पुढून दुखतं, तेही उठताना आणि जिन्यावर, तर वाटीकडे पाहायचं. काही महिने बरे गेले आणि मग दुखणं नव्याने सुरू झालं, किंवा पडून असतानाही ठणकतं, व्रणातून पाणी येतं, ताप येतो, तर जंतुसंसर्ग नाही ना हे आधी पाहायचं. त्यासाठी रक्ताच्या तपासण्या करतात आणि गरज पडल्यास सांध्यातलं पाणी काढून तपासतात. इथे दिरंगाई महागात पडते. आणि एक गोष्ट हमखास निसटते: दुखणं गुडघ्यात जाणवतं, पण मूळ खुब्यात किंवा कमरेच्या मणक्यात असतं. बदललेल्या गुडघ्याचे चार फोटो निघतात, खुब्याचा एकही नाही.

एवढं सगळं पाहूनही काही सापडलं नाही तर? १९८३ मध्ये क्लिफर्ड वुल्फ या संशोधकांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं की दुखापतीचे संदेश येत राहिले की पाठीच्या कण्यातल्या पेशीच जास्त संवेदनशील होतात. गुडघा दहा-पंधरा वर्षं दुखत राहिलेल्या माणसात असंच काही घडलेलं असू शकतं. मंडपातल्या स्पीकरचा आवाज कोणीतरी पूर्ण वाढवून ठेवावा आणि माइकजवळची कुजबुजही गल्लीभर ऐकू यावी, तसं. गुडघा बदलल्याने माइकसमोरचा गोंगाट थांबतो; वाढवलेला आवाज आपोआप कमी होईलच असं नाही. ज्यांना ऑपरेशनआधी दुखणं फार तीव्र होतं, अंगभर ठिकठिकाणी दुखत होतं, झोप उडाली होती, मन खचलं होतं, त्यांच्यात दुखणं मागे राहण्याची शक्यता जास्त असते. ऑपरेशनआधीच्या एक्स-रेमध्ये झीज फारशी नसलेल्यांचंही तसंच. म्हणजे फोटो किरकोळ आणि त्रास मोठा, तिथे घाई करू नये. पण यावरून ‘मनाचे खेळ’ म्हणणं शुद्ध अडाणीपणा आहे. मज्जासंस्थेतला बदल हा शरीरातलाच बदल.

अशा वेळी मोह होतो तो पुन्हा उघडून बघण्याचा. कारण सापडलं नसताना केलेल्या दुसऱ्या ऑपरेशनचे निकाल निराशाजनक असतात, आणि धोके पहिल्यापेक्षा जास्त. या बाबतीत नाही म्हणणारा सर्जन मला जास्त विश्वासाचा वाटतो.

मग करायचं काय? ब्रिटनमध्ये तीन महिन्यांनी दुखत असलेल्या ३६३ पेशंटांवर ८ रुग्णालयांत एक चाचणी झाली. तिचे निकाल २०२२ मध्ये आले. त्यात नवं औषध नव्हतं. एका जाणकाराने तासभर बसून नीट तपासायचं, दुखण्याचा प्रकार ओळखायचा, त्याप्रमाणे सर्जन, फिजिओ किंवा वेदनातज्ज्ञाकडे पाठवायचं आणि वर्षभर अधूनमधून फोन करून विचारपूस करायची, एवढंच. नेहमीच्या उपचारांपेक्षा फरक पडला. मोठा नव्हे, पण वर्षानेही टिकलेला.

नसेच्या दुखण्याला वेगळी औषधं आहेत, पण म्हातारपणी त्यांनी गरगरतं, तोल जातो. मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची. दुखरी कातडी कापूस, मग मऊ फडकं, मग टॉवेल अशी रोज घासत सवयीची करतात. मेडिकलमधून आणलेल्या पेनकिलर महिनोन्‌महिने घेत राहिलं तर मूत्रपिंडाची किंमत मोजावी लागते. आणि सगळ्यात अवघड काम म्हणजे बऱ्या दिवशी हात आवरणं. आज जरा बरं वाटतंय म्हणून माळा झाडायचा, चकल्यांचा घाणा काढायचा आणि पुढचे तीन दिवस अंथरुणात, हे चक्र जवळजवळ प्रत्येक घरात दिसतं. कामाचे तुकडे करून, दुखायच्या आधी थांबून, रोज थोडं वाढवत नेलेलं चालणं याहून जास्त टिकतं.

मग प्रश्न येतो दुसऱ्या गुडघ्याचा. एकाचा अनुभव असा असताना त्याची तारीख लगेच घ्यायची गरज नसते. डेन्मार्कमधल्या, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ऑपरेशन केलेल्यांचा आराम जास्त होता, यात शंका नाही. पण व्यायाम, आहार, बुटात घालायचे सोल आणि औषधं एवढ्यावरच ठेवलेल्या गटातल्या दोन तृतीयांश लोकांनाही वर्षभरात जाणवण्याइतका फरक पडला, आणि त्या गटातल्या जेमतेम चौथ्या हिश्श्यानेच त्या वर्षात ऑपरेशन करून घेतलं.