युद्धातल्या मुलांसाठी चित्रप्रदर्शनं : वाद कुठून सुरू झाला

युद्धाची झळ बसलेल्या मुलांसाठी प्रदर्शन भरवायचं, तर चित्रं दोनच ठिकाणांहून येतात. एक तर नावाजलेले चित्रकार आपलं काम देतात. चित्राखाली लाल टिकली लागली की पैसे जमा झाले, विषय संपला. नाहीतर मुलांनीच काढलेली चित्रं भिंतीवर लागतात. ती सहसा विकायची नसतात. त्यांच्या छापील प्रती, पोस्टकार्डं, तिकीट आणि दानपेटी यांतून निधी उभा राहतो. मोठ्या रकमा पहिल्या वाटेने येतात. मुलांची कुठली चित्रं भिंतीवर लावायची, यावरची भांडणं दुसऱ्या वाटेवर होतात, आणि आज कुठल्याही आयोजकाने चित्रं निवडताना हात आखडता घेतलेला दिसला, तर त्याचं मूळ या भांडणांत सापडतं.

सुरुवात पहिल्या महायुद्धानंतरची. नोव्हेंबर १९१८ मध्ये शस्त्रसंधी झाली, तरी पराभूत देशांची नाकेबंदी १९१९ पर्यंत चालूच होती आणि व्हिएन्ना-बर्लिनमधली मुलं उपाशी होती. लंडनच्या ट्रफाल्गर चौकात भुकेल्या ऑस्ट्रियन बाळाचा फोटो असलेली पत्रकं वाटल्याबद्दल एका बाईंना अटक झाली. पत्रक सेन्सॉरला दाखवलं नव्हतं, म्हणून ५ पौंड दंड झाला. खटला चालवणाऱ्या सरकारी वकिलानेच त्यांच्या हातावर ५ पौंड ठेवले. मे १९१९ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या बहिणीने सुरू केलेला मदतनिधी आजही काम करतो आहे. शत्रूच्या मुलाला खाऊ घालायचं का, हा त्या वेळी लंडनमध्ये खरोखरच विचारला जाणारा प्रश्न होता.

याच निधीसाठी १९२० साली लंडनमध्ये व्हिएन्नाच्या मुलांच्या चित्रांचं प्रदर्शन लागलं. तिथल्या एका कलाशिक्षकाच्या बालवर्गातली ती कामं होती: रंगचित्रं, लाकडावर आणि लिनोलियमच्या मऊ तुकड्यावर कोरून काढलेले ठसे, कागदाची कातरकामं. त्यांत उपासमार नव्हती. सण होते, झाडं होती, थंडीतली गजबजलेली रस्त्याची दृश्यं होती. मोठ्यांची नक्कल करायची नाही, एवढाच त्या शिक्षकाचा आग्रह. प्रदर्शन ब्रिटनमधल्या गावोगावी फिरलं, पुढे अमेरिकेलाही गेलं, आणि शाळांतल्या चित्रकलेच्या शिक्षणावर त्याचा परिणाम झाला. मला यातली महत्त्वाची गोष्ट वेगळी वाटते. कालपर्यंत शत्रू असलेल्या देशातलं मूल आपल्या मुलासारखंच चित्र काढतं, हे भिंतीवर बघून लोकांनी पैसे दिले. हाडं निघालेलं बाळ दाखवावं लागलं नाही.

स्पेनच्या यादवीत चित्र पालटलं. उत्तर स्पेनच्या बास्क भागातल्या गेर्निका गावावर २६ एप्रिल १९३७ ला बॉम्ब पडले आणि महिन्याच्या आत जवळपास ४,००० बास्क मुलं एकाच जहाजातून साउथॅम्प्टनला उतरली. ब्रिटिश सरकारने अट घातली होती की सरकारी तिजोरीतून एक पैसाही मिळणार नाही; दर मुलामागे आठवड्याला १० शिलिंगांची हमी लोकवर्गणीतून द्यायची. म्हणून सभा, गाण्याचे कार्यक्रम, विक्री असं सगळं सुरू झालं. इकडे स्पेनमधल्या मुलांच्या वसतिगृहांतून चित्रं गोळा होत होती. १९३८ मध्ये ती अमेरिकेत मांडली गेली आणि त्यातली ६० पुस्तकरूपाने छापून स्पॅनिश मुलांच्या मदतीसाठी विकली गेली. आता विषय थेट युद्धाचा होता. आकाशात ओळीने विमानं, खाली रेषांनी पडणारे बॉम्ब, पळणारी माणसं, गाठोडी, आगगाडी. विमानं विलक्षण तपशिलाने काढलेली, माणसं मात्र काडीसारखी. ज्या मुलाने विमान मान वर करून नीट पाहिलं आहे, तेच असं काढू शकतं.

त्याच काळात त्या बॉम्बहल्ल्यावर पिकासोने काढलेलं 'गेर्निका' हे भलंमोठं चित्र ब्रिटनमध्ये फिरत होतं. जानेवारी १९३९ मध्ये ते पूर्व लंडनच्या कामगार वस्तीत लागलं, तेव्हा पहिल्या आठवड्यात सुमारे १५,००० माणसं येऊन गेली. प्रवेशाला पैशाऐवजी चांगले बूट आणायला सांगितलं होतं, ते चित्राखाली रांगेने ठेवले जात. पण ते बूट स्पेनमधल्या आघाडीवरच्या सैनिकांसाठी होते. म्हणून हे प्रदर्शन मुलांसाठीच्या निधीचं उदाहरण म्हणता येणार नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतरचा एकच प्रसंग इथे पुरे. चेकोस्लोव्हाकियातल्या एका खेड्यात संयुक्त राष्ट्रांच्या बालनिधीचं दूध आणि औषध पोचलं होतं. तिथल्या सात वर्षांच्या मुलीने आभाराचं चित्र काढलं. कागद मिळत नव्हता, म्हणून काचेच्या तुकड्यावर. वर सूर्य, मधे खांब, भोवती फेर धरलेल्या मुली. १९४९ मध्ये तेच बालनिधीचं पहिलं शुभेच्छापत्र झालं आणि त्यातून पत्रविक्रीचा निधी सुरू झाला. इथे कुणालाच काही आक्षेपार्ह वाटलं नाही, कारण चित्रात युद्ध नव्हतं. 'युद्धग्रस्त' कुणाला म्हणायचं तेही तेव्हा सैल होतं. आपल्या कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. त्यांचे हाल झाले ते सोव्हिएत हद्दपारीत, सायबेरियाच्या थंडीत आणि भुकेत. रणांगणापासून दूर असूनही ती युद्धाचीच मुलं होती, याबद्दल कुणी हुज्जत घातली नाही.

हुज्जत सुरू झाली ती मुलाने स्वतः पाहिलेलं युद्ध स्वतः काढून दाखवलं आणि समोर बसलेल्यांना त्या युद्धात बाजू होती तेव्हा. म्हणूनच सप्टेंबर २०११ मधला कॅलिफोर्नियातल्या ओकलंडचा निर्णय सविस्तर पाहायला हवा. २००८-०९ च्या युद्धानंतर गाझातल्या मुलांनी काढलेली चित्रं तिथल्या एका बालकला संग्रहालयात लागणार होती. चित्रं मुलांना मदत करणाऱ्या एका संस्थेने आणलेली. तारीख ठरलेली, निमंत्रणं गेलेली. दोन आठवडे उरले असताना संचालक मंडळाने प्रदर्शन रद्द केलं. कारण दिलं की चित्रं हिंसक आहेत, लहान मुलं बघायला येतात, पालकांनी आणि शिक्षकांनी चिंता कळवली आहे.

हे कारण वरवर पाहता चुकीचं नाही. पाच वर्षांच्या पोराला रणगाडा आणि रक्त दाखवावं का, असं कुठल्याही आईला वाटेल. पण याच संग्रहालयाने आधी इराकमधल्या मुलांची युद्धाची चित्रं लावली होती. तेव्हा रक्त चाललं, आता चालेना, म्हणजे अडचण रक्ताची नव्हती. प्रदर्शनाला विरोध करणाऱ्या गटांचं म्हणणं होतं की मोठ्यांचं राजकारण मुलांच्या हातून वदवून घेतलं जातं आहे. हा आक्षेप गंभीर आहे. १९३८ च्या स्पॅनिश चित्रांवरही तो घेता आला असता. पण त्याचं उत्तर चित्र कसं काढून घेतलं, शिक्षकाने काय सांगितलं, हे शोधून मिळतं. भिंत रिकामी ठेवून मिळत नाही. चित्रं अखेर ठरलेल्याच सुमारास जवळच्या दुसऱ्या जागेत लागली.

फेब्रुवारी २०२३ मध्ये लंडनच्या एका रुग्णालयाने मुलांच्या विभागाबाहेर लावलेल्या, गाझातल्या शाळकरी मुलांनी रंगवलेल्या थाळ्या उतरवल्या. तिथे हिंसेचा मुद्दाच नव्हता. थाळ्यांवर ऑलिव्हची फांदी, मासेमारीची होडी, जेरुसलेमचा घुमट आणि पॅलेस्टाईनचा झेंडा. काही ज्यू रुग्णांना असुरक्षित वाटतं, अशी तक्रार वकिलांच्या एका गटाने केली होती. रुग्णालयात आलेल्या आजारी माणसाची भीती हसण्यावारी नेऊ नये. तरी ओकलंडला चित्र भयानक म्हणून नको झालं आणि लंडनला होडी काढली तरी नको झालं, हे दोन्ही शेजारी ठेवून पाहिलं पाहिजे. १९२० मध्ये लंडननेच शत्रूच्या मुलांची झाडं आणि सण पैसे देऊन पाहिले होते.

चित्रकारांच्या बाजूला असा त्रास क्वचित होतो. जुलै २०२० मध्ये नाव लपवून काम करणाऱ्या एका ब्रिटिश भिंतचित्रकाराची तीन चित्रं लंडनच्या लिलावात २२ लाख पौंडांना गेली. पैसे बेथलेहेमच्या रुग्णालयासाठी, त्यात मुलांच्या पुनर्वसनाची साधनंही आली. मार्च २०२२ मध्ये त्याच चित्रकाराची एक छापील प्रत ८१,००० पौंडांना विकली गेली आणि रक्कम कीवमधल्या सर्वांत मोठ्या बालरुग्णालयाला गेली. जून २०२२ मध्ये एका रशियन संपादकाने तर आपलं नोबेल पदकच लिलावात काढलं. १०.३५ कोटी डॉलर आले, तेही युद्धाने विस्थापित झालेल्या युक्रेनी मुलांसाठी.

कीवच्या त्या बालरुग्णालयावर ८ जुलै २०२४ ला क्षेपणास्त्र पडलं. सलाइन लावलेली मुलं कडेवर आणि व्हीलचेअरवर रस्त्यावर आणावी लागली.