सुजलेली दाढ आणि ब्रेनस्टेम

अक्कलदाढेची हिरडी सुजली की कानही ठणकतो, कानशील धरतं, गालाला नुसता टॉवेल लागला तरी कळ येते. सूज एका जागी आणि ठणका चार जागी, याचं कारण तोंडात सापडत नाही. ते ब्रेनस्टेममध्ये, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जू यांना जोडणाऱ्या भागात आहे.

चेहरा, दात आणि जबडा यांच्या संवेदना ट्रायजेमिनल नर्व्ह वाहून नेते. 1938 साली स्वीडनचे न्यूरोसर्जन ओलोफ स्योक्विस्ट यांनी ब्रेनस्टेममधून खाली उतरणारे तिचे तंतू छेदण्याची शस्त्रक्रिया मांडली. चेहऱ्याची वेदना थांबली, स्पर्श मात्र बराचसा शाबूत राहिला! वेदनेचे तंतू वेगळ्या वाटेने खाली जातात, हे यातून दिसलं. ते जिथे पोहोचतात तो भाग म्हणजे सबन्यूक्लिअस कॉडॅलिस. दाढ, जबड्याचा सांधा आणि त्वचा, तिन्हीकडचे तंतू इथल्या एकाच चेतापेशीवर येऊन मिळू शकतात, म्हणून दुखण्याचा पत्ता चुकतो. दाह टिकला की या पेशी इतक्या हळव्या होतात की स्पर्शही वेदना वाटू लागतो.

हे निरोप पोहोचवणारी रसायनं सापडली ती भलत्याच शोधांत. 1931 साली लंडनमध्ये उल्फ फॉन ऑयलर आणि जॉन गॅडम यांना घोड्याच्या मेंदूच्या आणि आतड्याच्या अर्कात सशाचा रक्तदाब उतरवणारं काहीतरी मिळालं. अर्काची जी पावडर (powder) केली, तिच्यावरून नाव पडलं ‘सबस्टन्स पी’. वेदनेशी त्याचा संबंध असावा हे फ्रेड लेम्बेक यांनी 1953 मध्ये सुचवलं, पण त्याची रचना कुणालाच ठाऊक नव्हती. पुढे सुसान लीमन वेगळंच हार्मोन शोधत होत्या. अर्क टोचला की उंदरांना लाळ सुटायची. तो धागा धरून त्यांनी आणि मायकेल चँग यांनी 1971 पर्यंत 11 अमिनो आम्लांची साखळी उलगडली.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो हंगेरीतला मिरचीचा प्रयोग. सेगेडच्या मिक्लोश यांचो यांच्या गटाने 1967 च्या निबंधात दाखवलं की मिरचीतल्या कॅप्सेसिनने संवेदी तंतू आधीच निकामी केले, तर झोंबणारी रसायनं लावूनही सूज येत नाही. सूज नुसती वेदना देत नाही, वेदनेचे तंतूही सूज आणतात. ते दोन्ही टोकांना पेप्टाइड, म्हणजे सबस्टन्स पी सारख्या अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या, सोडतात : हिरडीत रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यातून पाणी पाझरतं, ब्रेनस्टेममध्ये पुढच्या चेतापेशी चेतवल्या जातात. 1987 पासून, पेशी चेतली की तिच्यात तयार होणाऱ्या ‘फॉस’ या प्रथिनाच्या डागांवरून अशा चेतलेल्या पेशी मोजताही येऊ लागल्या.

सबस्टन्स पी अडवलं की वेदना थांबेल, हा हिशेब मात्र माणसांत चुकला. त्याला अडवणाऱ्या औषधांपैकी अॅप्रेपिटंट 2003 मध्ये मान्य झालं ते केमोथेरपीच्या उलट्यांवर. बाजी मारली सीजीआरपी या दुसऱ्या पेप्टाइडने. कॅल्सिटोनिन या हार्मोनच्या जनुकाचा अभ्यास करताना ते 1982 मध्ये हाती लागलं, आणि त्याचा मार्ग अडवणारं एरेनुमॅब हे औषध 2018 मध्ये अमेरिकेत मायग्रेनसाठी मान्य झालं. सुजलेल्या दाढेवर मात्र अजूनही आयबुप्रोफेनच दिलं जातं, आणि तो इलाज प्रोस्टाग्लँडिन हे दाह वाढवणारं वेगळंच रसायन कमी करण्याचा आहे.