कोविशील्ड नाकारली नव्हती, अडलं होतं प्रमाणपत्रापाशी

‘ब्रिटनने पुण्याची लस कमअस्सल ठरवून भारतीयांना क्वारंटाइन केलं’ हे आजही ठासून सांगितलं जातं. ते खरं नाही.

सप्टेंबर २०२१ मध्ये परदेशी प्रवाशांसाठी जाहीर झालेल्या ब्रिटिश नियमांत, मान्य लसींच्या यादीत, कोविशील्ड या कोविड लसीचं नाव सुरुवातीला नव्हतं. त्यावर संताप झाला, आणि तो रास्तच होता, कारण सीरम इन्स्टिट्यूटने पुण्यात बनवलेले लाखो डोस ब्रिटननेच आपल्या लोकांना दिले होते. २२ सप्टेंबरला ते नाव यादीत आलं. तरी क्वारंटाइन टळलं नाही, कारण ज्यांची प्रमाणपत्रं ब्रिटन मान्य करत होतं त्या देशांत भारत नव्हता. कोविन या भारताच्या लसीकरण पोर्टलच्या प्रमाणपत्रावर तेव्हा वय छापलेलं असे, पूर्ण जन्मतारीख नसे. पासपोर्टशी ताडायचं कसं? मग परदेशी जाणाऱ्यांसाठी कोविनवर जन्मतारखेची सोय झाली.

४ ऑक्टोबरपासून भारतानेही जशास तसं केलं: लस घेतलेल्या ब्रिटिश नागरिकांनाही १० दिवस क्वारंटाइन. ११ ऑक्टोबरला ब्रिटनने कोविशील्डचे दोन्ही डोस घेतलेल्या भारतीयांवरची क्वारंटाइनची अट उठवली, आणि दोनच दिवसांनी भारतानेही आपले निर्बंध मागे घेतले. या साऱ्यात लस तीच होती, तिच्यात काहीही बदललेलं नव्हतं.