फ्रँचायझी उपाहारगृह : हिशेब व अर्थव्यवस्थापन

एखाद्या कंपनीचे नाव, पाककृती आणि कार्यपद्धती कराराने वापरून स्वतःच्या भांडवलावर उपाहारगृह चालवणाऱ्या मालकाने ठेवायचे हिशेब व करायचे पैशाचे नियोजन या विषयात येते. भारतात फ्रँचायझीसाठी स्वतंत्र कायदा नाही; दोन्ही पक्षांचे हक्क मुख्यतः भारतीय करार कायदा, १८७२ नुसार केलेल्या करारातून ठरतात, त्यामुळे हिशेबाची सुरुवात करारपत्र नीट वाचण्यापासून होते. सातारा व सांगली जिल्ह्यांत पुणे-बंगळूर महामार्गालगत, कराडात, सांगली-मिरज रस्त्यावर आणि महाबळेश्वर-पाचगणीत हा व्यवसाय चालतो. घरच्या खाणावळीचा किंवा चहाच्या हॉटेलचा हिशेब ठेवण्याची सवय असलेल्या कुटुंबाला येथे एक मूलभूत फरक आत्मसात करावा लागतो, तो असा की रॉयल्टी, म्हणजे नाव व पद्धती वापरल्याबद्दल कंपनीला नियमित द्यायचा मोबदला, नफ्यावर नव्हे, तर सहसा विक्रीवर आकारली जाते आणि महिना तोट्यात गेला तरी द्यावीच लागते.

या फरकाला कराची जोड मिळते. उपाहारगृह सेवेवर १५ नोव्हेंबर २०१७ पासून सर्वसाधारणपणे ५ टक्के वस्तू व सेवा कर असून त्यात खरेदीवर भरलेल्या कराचे क्रेडिट (देय करातून वजावट) मिळत नाही (महागड्या खोल्यांच्या हॉटेलांतील उपाहारगृहांचा नियम निराळा आहे). रॉयल्टीवरील कर मात्र १८ टक्के आहे. म्हणजे करारात ६ टक्के रॉयल्टी लिहिलेली असेल आणि महिन्याची विक्री १० लाख रुपये असेल, तर ६०,००० रुपयांवर आणखी १०,८०० रुपये मालकाच्या खिशातून जातात आणि खरा भार ७.०८ टक्के होतो. व्यवसायात उतरण्यापूर्वी मांडलेल्या अंदाजपत्रकांत ही वाढ अनेकदा धरलेली नसते, आणि ही त्यांतील सर्वांत महाग चूक आहे.

ॲपवरून येणाऱ्या ऑर्डरींचा हिशेब याहून नाजूक असतो. समजा, कर वगळून ५०० रुपयांची ऑर्डर आली, ॲपचे कमिशन २५ टक्के आणि रॉयल्टी ६ टक्के ठरलेली आहे. कमिशनचे १२५ रुपये, त्यावरील कर २२.५०, रॉयल्टीचे ३० आणि तिच्यावरील कर ५.४० वजा जाता ३१७.१० रुपये उरतात. कच्चा माल १७५ रुपयांचा लागला असेल, तर पगार, भाडे, गॅस, वीज व पॅकिंग यांसाठी १४२.१० रुपये राहतात. बँकेत जमा झालेली रक्कम हीच विक्री समजून खतावणी केली, तर विक्री कमी दिसते, कमिशनचा खर्च दिसतच नाही आणि कंपनीने बिलिंग यंत्रणेवरून काढलेल्या रॉयल्टीशी मेळ बसत नाही. १ जानेवारी २०२२ पासून अशा ऑर्डरींवरील ५ टक्के कर ॲपचालक कंपनीच भरते. तरीही ती विक्री मालकाला आपल्या विवरणपत्रात वेगळी दाखवावी लागते.

खाद्यखर्च काढण्याची रीत जुनीच आहे: आरंभीचा साठा, अधिक खरेदी, वजा अखेरचा साठा. तो महिन्याऐवजी दर आठवड्याला काढावा, कारण चीज किंवा तेलाची गळती महिनाअखेरीस कळली तर ती कुठे झाली हे शोधता येत नाही. खाद्यखर्च आणि पगार मिळून विक्रीच्या साधारण ६० टक्क्यांच्या आत राहावेत असा या धंद्यातील ठोकताळा आहे. रॉयल्टी देणाऱ्याने तो आणखी खाली ठेवणे शहाणपणाचे. नोकरांची संख्या २० झाली की भविष्य निर्वाह निधीची वर्गणीही पगारखर्चात धरावी लागते.

सुरुवातीचे फ्रँचायझी शुल्क पहिल्याच वर्षी खर्ची टाकणे चूक आहे. ती अमूर्त मालमत्ता असून कराराच्या मुदतीत विभागून निर्लेखित करायची, म्हणजे दरवर्षी थोडी थोडी खर्ची टाकायची असते. १० लाखांचे शुल्क व ५ वर्षांचा करार असल्यास दरवर्षी २ लाख. आयकरासाठी तिच्यावर घटत्या शिल्लक पद्धतीने (दरवर्षी उरलेल्या मूल्यावर) २५ टक्के घसारा मिळतो, म्हणून दोन्ही आकडे वेगळे ठेवावेत.

रोख रकमेचे नियोजन स्थळानुसार बदलते. महाबळेश्वर-पाचगणीत एप्रिल-मेची कमाई पावसाळ्यातील रिकाम्या महिन्यांचे भाडे व पगार भागवते, तेव्हा हंगामातील शिल्लक हा नफा समजून घरात उचलली, तर ऑगस्टमध्ये कर्ज काढावे लागते. ऊसपट्ट्यात गिऱ्हाइकाच्या हातात पैसा ऊसबिल जमा झाल्यावर खेळतो. श्रावणात मांसाहारी पदार्थांची मागणी उतरते. अशा परिस्थितीत किमान रॉयल्टीचे कलम (विक्री कितीही कमी झाली तरी ठरलेली किमान रक्कम देण्याची अट) मालकाला सर्वाधिक जाचते, आणि सही करण्यापूर्वीच त्यावर वाटाघाट करावी. सांगलीत आणखी एक जोखीम आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये कृष्णेचे पाणी शहरात शिरले. साठ्याचे तक्ते व खरेदीची बिले दुकानातच असतील आणि मालाबरोबर भिजली, तर विमा दाव्यासाठी नुकसान सिद्ध करणे अवघड होते. त्यांची प्रत दुसरीकडे ठेवणे हा म्हणून हिशेबाचाच भाग ठरतो.

घरखर्चाची उचल गल्ल्यातून परस्पर न करता ठरावीक रकमेने बँकेतून करावी आणि भांडवल खात्यावर लिहावी. कराराच्या नूतनीकरणाच्या वेळी कंपनी सजावट बदलायला लावते, त्यासाठीची रक्कम दरमहा बाजूला काढावी लागते. करार संपला की अनामत परत येते आणि भट्टी-फ्रीजला काही किंमत मिळते; कंपनीच्या रंगाचे फलक व फर्निचर यांना मात्र गिऱ्हाईक सापडत नाही, त्यामुळे त्यांचे पुस्तकी मूल्य त्या तारखेपर्यंत शून्यावर आणलेले असावे.